साथ कशी शिकायची? ठेका, ‘ला पोंप’ आणि शिकण्याच्या साधनांचा इतिहास

आजच्या व्याख्यानाचा विषय आहे साथ. गाणाऱ्याच्या किंवा वाजवणाऱ्याच्या मागे बसून जो ताल धरतो, त्याची विद्या. आणि प्रश्न अगदी व्यवहारातला आहे. ही विद्या शिकायची तर साधन कोणतं निवडायचं? पुस्तक, परीक्षेचा अभ्यासक्रम, रेकॉर्ड, मोबाइलवरचा व्हिडिओ, की सरळ मंडळीत जाऊन बसायचं?

समजा, भंडारा जिल्ह्यातल्या तुमसरच्या किंवा साकोलीच्या एखाद्या मुलानं गिटार घेतली. मोबाइलवर त्याच्या कानावर फ्रान्सकडचं जिप्सी जॅझ पडलं. पुढे व्हायोलिन आणि गिटार धावतंय, आणि मागे दुसरी गिटार एका चालीत ‘झुम्‌-चक्‌, झुम्‌-चक्‌’ करतेय. त्याला नेमकं ते मागचंच आवडलं. आता तो शिकायचं म्हणून शोधायला लागतो, तर पुस्तकं आहेत, व्हिडिओ आहेत, पैसे भरून घ्यायचे धडे आहेत, सोबत वाजवायच्या ध्वनिफिती आहेत. सुरुवात कुठून करायची, ते कुणी सांगत नाही. त्याच मुलाचा मामा गावच्या भजन मंडळात ढोलक वाजवतो. त्याला हा प्रश्न विचारावा, असं मुलाच्या मनातही येत नाही. गिटार वेगळी, ढोलक वेगळी.

आमचं म्हणणं असं की विचारावं. कारण मामाची ढोलक आणि ती मागची गिटार, दोन्हींचा शिकण्याचा इतिहास एकमेकांशी फार जुळतो. तो इतिहास कळला की साधन निवडणं सोपं होतं. आज आपण तेच करणार आहोत.

आधी टाळ हातात

सुरुवात घरापासून करू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा आपला झाडीपट्टीचा मुलूख. धानाची कापणी झाली, दिवाळी आली की गावोगावी मंडई भरते, आणि तिथून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत जातं. त्यात गाणी असतात, लावणी असते, विनोदी प्रवेश असतात, आणि समोर वाजवणारी मंडळी बसलेली असतात. ऑर्गन किंवा कीबोर्ड, तबला, ढोलक आणि अलीकडे ऑक्टोपॅड. त्याआधीची आपली दंडार घ्या, खडी गंमत घ्या. तिथेही ढोलकीवाला हा खेळाचा कणा. आणि हंगाम असो वा नसो, बारा महिने चालतात ती भजनं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (1909–1968) खंजिरी हातात घेऊन विदर्भातली खेडी पालथी घातली. त्यांच्या नावानं चालणारी भजन मंडळं आजही आपल्याकडे गावोगावी आहेत.

आता या मंडळांत पोरगं शिकतं कसं, ते नीट पाहा. कुणी त्याला पहिल्या दिवशी ढोलक देत नाही. आधी टाळ देतात. टाळ म्हणजे दोन पितळी वाट्या, त्यात शिकवायचं काय? पण वर्ष-दोन वर्षं ते पोरगं टाळ वाजवतं आणि त्या काळात तीन गोष्टी शिकतं. एक, लय हलू द्यायची नाही. दोन, गाणारा कुठे श्वास घेतो, कुठे ओळ परत घेतो, कुठे थांबतो, हे ओळखायचं. तीन, आपला आवाज इतरांच्या आवाजाखाली ठेवायचा. मग कधीतरी ढोलकवाला चहाला उठतो आणि म्हणतो, ‘बस रे जरा.’ ती त्याची प्रवेश परीक्षा. त्या वेळी त्याला बोल माहीत नसतात, पण गाणं माहीत असतं.

म्हणजे इथे शिकण्याचा क्रम बाहेरून आत येतो. आधी जागा मिळते, मग वाद्य, मग बोल, आणि नाव तर सगळ्यात शेवटी. कधी कधी नाव येतच नाही. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ठेका छापला गेला

आता दुसरी बाजू, म्हणजे पुस्तकांची. पश्चिम महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगीताला नवं रूप यायला लागलं. 1874 मध्ये पुण्यात गायन समाज स्थापन झाला. 1880 मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आलं आणि संगीत नाटकाचं युग सुरू झालं. शिकलेल्या मध्यमवर्गाला संगीत हवं होतं. पण उस्तादाच्या घरी दहा-बारा वर्षं राहून शिकणं त्याला शक्य नव्हतं, आणि अनेकांना ते प्रतिष्ठेचंही वाटत नव्हतं. मुलींना तर ते अशक्यच होतं. मग उपाय काय? शाळा आणि पुस्तक.

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (1872–1931) यांनी 5 मे 1901 रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. वर्ग, वेळापत्रक, परीक्षा, छापील पुस्तकं, असा सगळा शाळेचा थाट त्यांनी संगीताला दिला. आपल्या विषयाला महत्त्वाची गोष्ट ही, की त्या विद्यालयातून 1903 मध्ये मृदंग आणि तबल्यावर एक हिंदी पुस्तक निघालं. नाव ‘मृदंग और तबला वादनपद्धति’, लेखक गुरुदेव पटवर्धन. महाराष्ट्रातून लाहोरला गेलेल्या या माणसानं प्रत्येक बोलाला किती काळ द्यायचा, हे चिन्हांनी अचूक लिहायचा प्रयत्न केला. शंभर वर्षांनी, 2006 मध्ये, जेम्स किपेन या अभ्यासकानं या एका छोट्या पुस्तकावर संपूर्ण इंग्रजी ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी हे पुस्तक राष्ट्रवादाच्या संदर्भात वाचलं आहे. आपल्याकडेही शास्त्र आहे आणि ते लिहिता येतं, हे दाखवण्याची त्या पिढीला निकड होती.

दुसरे पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936). त्यांची ‘हिंदुस्थानी संगीत पद्धति’ मराठीत आहे, चार भागांत. गंमत बघा, हा ग्रंथ गुरू-शिष्याच्या संवादाच्या रूपात लिहिलेला आहे. शिष्य विचारतो, गुरू सांगतो. म्हणजे पुस्तक लिहितानाही शेजारी बसून शिकण्याची घडी त्यांना मोडवली नाही. त्यांच्या क्रमिक पुस्तकांनी जी सोपी चिन्हं रूढ केली, ती आपण आजही वापरतो. समेला फुली, खालीला शून्य, टाळ्यांना आकडे.

पलुस्करांच्या निधनानंतर 1931 मध्येच त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार या परीक्षांची पायरी महाराष्ट्रात जिल्ह्या-जिल्ह्यांत पोचली. या व्यवस्थेचे उपकार मोठे आहेत, ते कमी लेखू नका. ज्याच्या घरात संगीत नाही, ज्याची जात-जमात, धर्म, पैसा, शहर काहीही अनुकूल नाही, त्यालाही दादरा-केहरवा म्हणजे काय हे कळायला लागलं. मुलींच्या हाती तबला आला. 1975 मध्ये अरविंद मुळगांवकरांचा ‘तबला’ हा मराठी ग्रंथ आला आणि घराण्यांची माहिती, बंदिशी, वादनाचा विचार हे सगळं सामान्य वाचकाला मराठीत मिळालं.

मग राहिलं काय?

आता एक साधा प्रयोग करू. दादरा घ्या. मात्रा सहा. ‘धा धी ना, धा ती ना’. सहा अक्षरं. पाचवीतलं पोर एका मिनिटात पाठ करील. पुस्तकात हा ठेका एका ओळीत मावतो. पुढची पानं कायदे, रेले, तुकडे, चक्रदार यांनी भरलेली असतात, कारण ते लांब असतात, लिहिण्यासारखे असतात, आणि परीक्षेत विचारता येतात.

पण साथीला बसल्यावर हेच सहा बोल वीस मिनिटं वाजवायचे असतात. तेव्हा खरे प्रश्न येतात. बायावर दाब किती द्यायचा? गाणारा हळूच लय वाढवतोय, त्याच्याबरोबर जायचं की त्याला धरून ठेवायचं? ओळ परत येताना लग्गी लावायची की गप्प राहायचं? शब्द महत्त्वाचा असेल तेव्हा हात किती हलका करायचा? यातलं काहीही त्या एका ओळीत नाही. लेखक आळशी होते असं मुळीच नाही. चिन्हांनी काळ लिहिता येतो, वजन लिहिता येत नाही. आणि साथ म्हणजे तर वजनच.

दुसरं कारण सामाजिक आहे. पुस्तक ज्यांनी लिहिलं त्यांच्यासमोर शिकलेला, स्वतंत्र वाजवणारा, सभेत बसणारा कलावंत होता. तमाशातला ढोलकीवाला, दंडारीतला वादक, कोठीवर साथ करणारा उस्ताद ही माणसं त्यांच्यासमोर शिक्षक म्हणून नव्हती. ज्यांच्या हातात ही विद्या खरोखर होती, त्यातले बरेच लोक प्रतिष्ठेच्या रेषेबाहेर होते. काही भटक्या जमातींवर तर 1871 च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार असा शिक्का मारला होता. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. अशा माणसाकडून ‘तुझा ठेका सांग, मी लिहून घेतो’ असं म्हणणारे फार थोडे निघाले.

आता अपवाद म्हणून एक मोठं नाव घेऊ. उस्ताद अहमदजान थिरकवा. स्वतंत्र तबलावादनात त्यांचं स्थान काय, हे सांगायला नको. पण हेच थिरकवा अनेक वर्षं बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत साथीला होते. नाट्यपदाच्या मागे त्यांनी लावलेला ठेका आजही जाणकार आठवतात. त्यांच्या बंदिशी पुस्तकांत आल्या, शिष्यांच्या वह्यांत आल्या. त्यांची नाटकातली साथ मात्र कुठल्या वहीत जाणार? ती ऐकूनच घ्यावी लागते.

ऐकायचं म्हटलं तर रेकॉर्ड आली. भारतात 1902 मध्ये गोहरजान यांच्या गाण्याचं मुद्रण झालं, पुढे तबकड्या घराघरांत गेल्या. पण सुरुवातीचं मुद्रण कर्ण्यात गाऊन होई. गाणारा कर्ण्याच्या तोंडाशी आणि साथीदार मागे. त्यामुळे तबला पुसट, बायाचा घुमारा तर जवळजवळ नाहीच. 1925 नंतर विजेचं मुद्रण आलं तेव्हा कुठे साथ नीट ऐकू यायला लागली. म्हणजे पुस्तकानं साथीला एक ओळ दिली, आणि पहिल्या रेकॉर्डांनी तिला मागच्या भिंतीशी बसवलं.

मनुश म्हणजे माणूस

आता जरा लांब जाऊ या, फ्रान्स-बेल्जियमकडे. जिप्सी हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. हे लोक इजिप्तहून आले या गैरसमजातून ते पडलं, आणि त्यातल्या अनेकांना ते अपमानास्पद वाटतं. संगीताच्या नावात मात्र ते चिकटून राहिलं. फ्रान्सकडच्या यांच्या एका मोठ्या गटाला ‘मानूश’ म्हणतात. हा शब्द त्यांच्या रोमानी भाषेतला, आणि त्याचा अर्थ माणूस. आपलाच ‘मनुष्य’. रोमानी ही भारतीय आर्य भाषांच्या कुळातली आहे, हे भाषाशास्त्रज्ञांनी दोनशे वर्षांपूर्वीच दाखवलं. नाकाला ते नाक म्हणतात, कानाला कान, पाण्याला पानी. मोजताना दुय, त्रिन, श्तार, पांज. त्यांचे पूर्वज आपल्याकडून गेले हे खरं, पण म्हणून त्यांचं संगीतही आपलंच, असं कुणी म्हणायला लागलं तर ते चूक आहे. ते संगीत युरोपात, अमेरिकेहून आलेल्या जॅझच्या संगतीत घडलं. जुळतो तो शिकण्याचा मार्ग.

या संगीताचा मूळ पुरुष जँगो रेनहार्ट. जन्म 1910, बेल्जियममधला. कुटुंब फिरत्या गाडीत राहणारं. 1928 मध्ये त्या गाडीला आग लागली आणि त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं कामातून गेली. उरलेल्या बोटांवर त्यानं नवी पद्धत बसवली. 1934 मध्ये पॅरिसला त्याचा पाच जणांचा संच उभा राहिला. पुढे जँगोची गिटार आणि स्तेफान ग्रापेलीचं व्हायोलिन. मागे लुई व्होलाचा मोठा बास आणि दोन गिटारी. त्यातली एक जँगोच्या भावाची, जोसेफची, आणि दुसरी रोजे शापूची. लक्षात घ्या, या संचात ड्रमवाला नाही. ताल धरायचा तो मागच्या दोन गिटारींनी.

या साथीला फ्रेंचमध्ये ‘ला पोंप’ म्हणतात. पोंप म्हणजे पंप. आपल्या पेटीचा भाता आठवा, वर-खाली एका लयीत चालणारा, तसंच. एक-दोन-तीन-चार मोजा. एक आणि तीनवर खालच्या सुराच्या जाड तारा. दोन आणि चारवर सगळ्या तारांवर छोटा, तुटक आघात, आणि लगेच डाव्या हाताची पकड सैल करून आवाज बंद. काही वादक एक आणि तीनच्या अगदी आधी एक निसटता उलटा झटका देतात. सुटी तार शक्यतो वाजवायची नाही, कारण ती दाबून बंद करता येत नाही. आमच्या मते ठेक्यातला घुमणारा बाया आणि बंद बोल यांचं जे नातं, तेच इथे जाड तारा आणि दाबलेला आघात यांचं आहे. ज्याला ढोलकचा कान आहे, त्याला हे पटकन कळेल.

आता मूळ मुद्दा. मानूश घरांत हे शिकवलं कसं जाई? मुलाला आधी साथच देत. काका, मोठा भाऊ, वडील पुढे वाजवतात आणि लहान्यानं मागे तासन्‌तास भाता चालवायचा. कॉर्ड बघून उचलायच्या, चूक झाली तर वडीलधाऱ्याच्या नजरेतून कळे. स्वतः जँगोला स्वरलिपी वाचता येत नव्हती. म्हणजे त्यांनी पोराच्या हातात आधी टाळच दिला की! फक्त त्यांचा टाळ गिटारीचा होता.

आणि तिथेही प्रतिष्ठेची रेषा होतीच. 1912 च्या फ्रेंच कायद्यानं फिरत्या लोकांना शरीराची मापं नोंदवलेलं ओळखपत्र बाळगावं लागे, ते 1969 मध्ये बंद झालं. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी रोमा आणि सिंती लोकांची लाखोंनी कत्तल केली. अशा समाजाची विद्या संगीतशाळेत गेली नाही, घरातच राहिली. एक घर संपलं की तिथला हात संपला.

पुस्तक उशिरा आलं

जँगो 1953 मध्ये गेला. त्याच्या पुढच्या वादनाची स्वरलेखनं निघत राहिली. पण ही शैली एक शैली म्हणून शिकवणारी पुस्तकं यायला 1980 चं दशक उजाडावं लागलं. इंग्लंडच्या इयन क्रुकशँकचं पुस्तक त्यातलं सुरुवातीचं. पुढे अमेरिकेच्या मायकल होरोविट्झनं ‘जिप्सी रिदम’ नावाचं पूर्ण पुस्तकच साथीवर लिहिलं. कॅनडाचा डेनिस चँग या वादकांच्या घराण्यांमध्ये जाऊन शिकला आणि त्यानं व्हिडिओ धडे केले. त्यांत वादकांचे हात जवळून दिसतात.

क्रम पाहा. आधी पुढच्या वादकाचं लिहिलं गेलं, साथ मागून आली. तबल्याच्या पुस्तकांत कायद्याला पानं आणि ठेक्याला एक ओळ, तसंच हे. लिहिणाऱ्याचं लक्ष आधी जिथे दिवा आहे तिथेच जातं.

तिसरं उदाहरण गोव्याचं आहे, आणि तेही मोलाचं. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं मुंबईला आली. 1930 च्या दशकात ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, टेडी वेदरफर्ड यांच्यासारखे कृष्णवर्णीय अमेरिकी वादक वाजवत होते. गोव्याच्या वादकांना कागद वाचता येत होता, तरी जॅझची डौलदार चाल त्यांनी कागदावरून घेतली नाही. ती या लोकांच्या शेजारी बसून आणि तबकड्या ऐकून घेतली. चिक चॉकलेट या नावानं गाजलेले आंतोनियो झेवियर वाझ त्यांतलेच. मग हेच लोक हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात गेले. म्हणजे कागद आणि कान ही भांडणारी साधनं नाहीत. दोन्ही असतील तर माणूस लांब जातो. पण कोणतं साधन कशासाठी, हे कळलं पाहिजे.

मग निवड कशी करायची?

आता आपल्या तुमसर-साकोलीच्या मुलाकडे येऊ. इतिहास काय सांगतो, ते कसोट्यांच्या रूपात मांडतो. या कसोट्या गिटारीला चालतील आणि ढोलक-तबल्यालाही.

पहिली कसोटी. पुस्तक किंवा धडा उघडल्यावर साथीला किती जागा आहे, ते मोजा. सुरुवातीला चार पानं ताल आणि उरलेलं सगळं पुढचं वादन, असं असेल तर ते साधन वाईट नाही, पण ते तुमच्या कामाचं नाही. साथ शिकायची तर संपूर्ण साथीवरचं साधन घ्या.

दुसरी. हात दिसला पाहिजे आणि आवाज ऐकू आला पाहिजे. कॉर्डचे आकडे पुस्तकातून घेता येतात, पण दोन आणि चारवर डावा हात नेमका केव्हा सैल होतो, हे पाहिल्या-ऐकल्याशिवाय कळत नाही. म्हणून इथे व्हिडिओ हा पुस्तकाच्या वरचढ आहे. तबल्याचंही तसंच. बंदिश ग्रंथातून घ्या, ठेक्याचं वजन मात्र कानानं घ्या. आणि ऐकताना गाणाऱ्याला ऐकू नका, मागच्याला ऐका. एकच रेकॉर्ड आठवडाभर फक्त साथीसाठी ऐका.

तिसरी. साधनानं आपली परंपरा सांगितली पाहिजे. तबल्यात दिल्ली, अजराडा, लखनौ, फरुखाबाद, बनारस, पंजाब अशी घराणी आहेत, हे आपण जाणतो. भात्याच्या त्या चालीतही घराणी आहेत. जँगोच्या 1930 च्या दशकातल्या रेकॉर्डवरची साथ एक, आजच्या फ्रेंच वादकांची कोरडी साथ दुसरी, हॉलंडच्या रोझेनबर्ग घराण्यातल्या नूशे रोझेनबर्गची आणखी वेगळी. जो शिक्षक म्हणतो ‘हीच एकमेव बरोबर पद्धत’, त्याच्यापासून जरा जपून. जो म्हणतो ‘मी अमक्याची पद्धत दाखवतोय’, तो धरा. आणि सुरुवातीला एकच धरा. पाच ठिकाणचे पाच हात एकत्र केले की एकही हात बसत नाही.

चौथी. गाणी थोडी आणि सोपी असावीत. ‘मायनर स्विंग’ हे जँगो आणि ग्रापेलीनं 1937 मध्ये मुद्रित केलेलं गाणं घ्या. सोळा बारचं एक आवर्तन, म्हणजे चौसष्ट मात्रा, आणि कॉर्ड मुख्यतः तीनच. एका संध्याकाळी पाठ होतं. मग सहा महिने तेच वाजवायचं. ज्या साधनात दर पानाला नवी कॉर्ड येते, ते साधन तुमचा उत्साह वापरतं, हात घडवत नाही. आपली भजनंही तशीच आहेत. चाल सोपी असते आणि कस लागतो तो टिकण्यात.

पाचवी, यंत्राबद्दल. राडेल कंपनीची ‘तालमाला’ आली, लेहऱ्याच्या ध्वनिफिती आल्या, आता मोबाइलवर तबल्याची ॲप्स आहेत. गिटारवाल्यांसाठीही सोबत वाजवायच्या ध्वनिफिती आहेत. यंत्र एक गोष्ट उत्तम शिकवतं, लय न हलवणं. पण यंत्र श्वास घेत नाही, ओळ विसरत नाही, उत्साहानं पुढे पळत नाही. तुम्ही त्याच्या मागे जाता, ते तुमच्यासाठी कधीच थांबत नाही. म्हणून अर्धा सराव यंत्राबरोबर ठीक आहे. उरलेला अर्धा माणसाबरोबर पाहिजे. साथ करायला समोर माणूस लागतो, त्याला दुसरा इलाज नाही.

आणि सहावी, जी आम्हाला सगळ्यात महत्त्वाची वाटते. साधन निवडण्याआधी जागा शोधा. जिप्सी जॅझ वाजवणारा भंडाऱ्यात शेजारी मिळणार नाही, हे मान्य. पण साथीची पहिली दोन वर्षं ज्या गोष्टी शिकण्यात जातात, म्हणजे लय धरणं, समोरच्याचा श्वास ओळखणं, आवाज खाली ठेवणं, त्या शिकवणारी शाळा गावात रोज संध्याकाळी भरते. भजन मंडळात टाळ घेऊन बसा. हंगामात झाडीपट्टीच्या नाटकात ढोलकवाल्याच्या जवळची जागा धरा आणि त्याचा हात पाहा. मग व्हिडिओ उघडा. तोच व्हिडिओ तुम्हाला दुप्पट शिकवील.

आता आपल्या घरचं काम

शेवटी एक गोष्ट बोलून थांबतो. मानूशांची साथ जगभर गेली, कारण कुणीतरी उशिरा का होईना त्या घरांत गेलं, त्या वादकांसमोर बसलं, त्यांचा हात जवळून टिपला आणि त्यांच्या नावानिशी लोकांपुढे ठेवला. म्हणून आज तुमसरच्या मुलाला अल्सेसचा हात पाहता येतो.

आणि साकोलीचा हात? पहाटेपर्यंत नाटक ओढून नेणारा ढोलकवाला लावणीला काय लावतो, विनोदी प्रवेशात कुठे गप्प राहतो, दंडारीची चाल नाटकात आली की हात कसा बदलतो, हे शिकायचं साधन कुठे आहे? झाडीपट्टीवर लिहिलं गेलंय, नाटकांवर, नटांवर, बोलीवर चांगलं काम झालंय. 2023 मध्ये डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला. पण समोर बसून वाजवणाऱ्याच्या हातावर कॅमेरा लावायला फारसं कुणी गेलेलं नाही. आता ऑक्टोपॅड आला, तयार ट्रॅक आले. त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, हंगामाचं अर्थकारण आहे ते. पण जुन्या हातांचे ठेके लिहिलेलेही नाहीत आणि मुद्रितही नाहीत. गुरुदेव पटवर्धनांनी 1903 मध्ये कागद आणि चिन्हांवर जे करायचा प्रयत्न केला, त्यासाठी आज आपल्या खिशात त्याहून चांगलं साधन आहे.

तेव्हा ज्या मुलांना साथ शिकायची आहे त्यांना आमचं एकच सांगणं. येत्या मंडईत मोबाइल नटीकडे न धरता ढोलकवाल्याच्या हातांकडे धरा. आधी त्याची परवानगी घ्या, त्याचं नाव विचारा, आणि कोणत्या ठेक्याला तो काय म्हणतो ते त्याच्याच तोंडून मुद्रित करून घ्या. मग घरी येऊन तेच वाजवून पाहा, ढोलकवर वाजवा की गिटारवर. असं दहा जणांनी केलं तर पुढच्या पोराला साधन शोधायला भंडाऱ्याबाहेर जावं लागणार नाही.

प्रश्न असतील तर घेऊ या.